पॅचच्या पोटात पॅच

ध्वनीसाठीच्या दृश्य प्रोग्रामिंगमध्ये, म्हणजे मॅक्स, प्युअर डेटा आणि त्यांच्या कुळातल्या प्रणालींमध्ये, प्रोग्राम पडद्यावर मांडला जातो. एकेक काम करणाऱ्या लहान चौकटी, चौकटीच्या वरच्या कडेला आत येण्याच्या जागा म्हणजे इनलेट, खालच्या कडेला बाहेर पडण्याच्या जागा म्हणजे आउटलेट, आणि या जागांना जोडणाऱ्या तारा, एवढ्याच सामग्रीतून जी मांडणी उभी राहते तिला पॅच म्हणतात. तारांमधून दोन प्रकारचा माल वाहतो. एक म्हणजे संदेश, जे कळ दाबल्यावर, स्वर लागल्यावर किंवा घड्याळाचा ठोका पडल्यावर सुटे सुटे जातात. दुसरा म्हणजे सिग्नल, जो ध्वनी चालू असेपर्यंत सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुन्यांच्या गतीने अखंड वाहत राहतो. पॅच मोठा झाला की पडदा तारांनी भरून जातो, आणि मग त्यातला एखादा भाग गुंडाळून एका चौकटीत ठेवण्याची सोय वापरली जाते. ही चौकट उघडली की तिच्या पोटातला पॅच वेगळ्या खिडकीत दिसतो. चौकटीत चौकट आणि त्या चौकटीत आणखी चौकट अशी रचना करण्यास या प्रणालींची काहीच हरकत नसते. अडचण सुरू होते ती एखादी चौकट स्वतःलाच पोटात घेऊ पाहते तेव्हा.

स्वतःचाच आधार घेऊन केलेल्या व्याख्येला संगणकशास्त्रात रिकर्शन म्हणतात, आणि लेखी भाषांत ते इतके अंगवळणी पडलेले असते की त्यामागची व्यवस्था सहसा ध्यानात येत नाही. एखादे फंक्शन स्वतःलाच बोलावते तेव्हा प्रत्येक बोलावण्यासाठी स्मृतीचा एक नवा तुकडा दिला जातो, त्यात त्या फेरीपुरत्या किमती लिहिल्या जातात, आणि काम संपले की तो तुकडा परत घेतला जाऊन बाहेरची फेरी आपल्या जुन्या किमतींसह जिथे थांबली होती तिथून पुढे चालू लागते. थोडक्यात, प्रत्येक फेरीला कोरा कागद मिळतो. पॅचमधल्या चौकटीकडे मात्र एकच पाटी असते, आणि तिच्यावर आधीचे पुसूनच पुढचे लिहावे लागते. पडद्यावर बेरजेची एक चौकट काढली म्हणजे बेरजेचा नियम आणि बेरीज करणारे यंत्र या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच ठिकाणी अस्तित्वात येतात; नियम एक आणि यंत्रे हवी तितकी, अशी फारकत चित्रात आपोआप होत नाही. रिकर्शनच्या बहुतेक अडचणींचे मूळ या एका गोष्टीत सापडते, आणि ‘प्रणालीत ही सोय अजून आलेली नाही’ एवढ्यावर ज्यांचे समाधान होते त्यांना ते मूळ दिसत नाही.

चित्राचा हा स्वभाव वारशाने आलेला आहे. मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये बेल प्रयोगशाळेत संगणकाकडून संगीत वाजवून घेणारा आपला पहिला प्रोग्राम लिहिला आणि पुढच्या काही वर्षांत ‘युनिट जनरेटर’ ही कल्पना रूढ केली: आंदोलक, गुणक, फिल्टर असे ठरावीक कामाचे सुटे घटक, आणि ते एकमेकांना जोडून तयार होणारे वाद्य. १९६०च्या दशकातल्या ॲनालॉग सिंथेसायझरमध्ये हीच कल्पना खऱ्या धातूच्या पेट्या आणि हातांनी खोचायच्या तारा या रूपात आली. पॅच हा शब्द तिथलाच. मिलर पकेट यांनी १९८०च्या दशकात पॅरिसच्या इर्कॅम या संस्थेत ‘पॅचर’ लिहिला तेव्हा पडद्यावर जे चित्र आले ते या पेट्यांचे होते. फिलिप मानूरी यांच्या ‘प्लुटॉन’ या पियानो आणि संगणकासाठीच्या रचनेत तो १९८८ मध्ये वापरला गेला. १९९० मध्ये मॅथ्यूज यांचेच नाव धारण करून तो ‘मॅक्स’ म्हणून बाजारात आला. आणि १९९६ मध्ये पकेट यांनी सॅन दिएगो येथे ‘प्युअर डेटा’ हे त्याचे मुक्त भावंड जन्माला घातले. खऱ्या पेटीच्या पोटात तीच पेटी बसवता येत नाही हे कोणालाही सांगावे लागत नाही. पडद्यावरची पेटी मात्र सॉफ्टवेअरची असल्याने तिच्याकडून ती अपेक्षा धरली जाते, आणि ती पेटी आपल्या धातूच्या पूर्वजांसारखीच वागते.

उदाहरण म्हणून चक्रदार घेता येईल, कारण भारतीय तालशास्त्रात पोटात पोट असलेली याहून परिचित रचना क्वचितच सापडेल. एकच बोलसमूह तीनदा वाजवून समेवर येणे ही तिहाई, आणि ती अख्खी तिहाई तीनदा वाजवून समेवर येणे हे चक्रदार; म्हणजे ‘तीनदा कर’ हा नियम प्रथम बोलावर आणि मग त्याच्याच फळावर लागू झालेला असतो. तीन मात्रांचा बोल, दोन पल्ल्यांमध्ये दोन मात्रांचा दम, अशी तिहाई तेरा मात्रांची होते. अशा तीन तिहायांमध्ये पाच-पाच मात्रांचा दम ठेवला तर एकूण ४९ मात्रा भरतात, आणि तीनतालात समेपासून उचललेल्या या चक्रदाराचा शेवटचा ‘धा’ तीन आवर्तने संपून चौथ्याच्या समेवर अचूक पडतो. शून्यापासून मोजले तर नऊ पल्ले ०, ५, १०, १८, २३, २८, ३६, ४१ आणि ४६ या मात्रांवर सुरू होतात. आतल्या पातळीवर दोन प्रारंभांमधले अंतर ५, बाहेरच्या पातळीवर १८.

हे प्युअर डेटात रिकर्शनने करायचे म्हटले तर मनात सहज येणारी मांडणी अशी असते. संदेशात दोन आकडे यावेत, प्रारंभाची मात्रा आणि पातळी. पातळी शून्य असेल तर बोल वाजवणाऱ्या भागाकडे रवानगी व्हावी. एरवी पातळीनुसार योग्य अंतर ठरवून ते बेरजेच्या तीन चौकटींना द्यावे, पातळीतून एक वजा करून तो आकडा जवळच एका चौकटीत ठेवावा, प्रारंभाची मात्रा तिन्ही बेरजांना पाठवावी, आणि प्रत्येक बेरजेचे फळ नव्या पातळीसह पुन्हा आरंभीच्या चौकटीत आणणारी एक तार मागे वळवावी. येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे: या प्रणालींत चौकटीचे डावे इनलेट ‘हॉट’ असते, म्हणजे तिथे संदेश आला की चौकट लगेच काम करते, आणि उजवे ‘कोल्ड’ असते, म्हणजे तिथे आलेला आकडा नुसता साठवला जातो. एकाहून अधिक दिशांना संदेश पाठवायचा असेल तर ट्रिगर नावाची चौकट वापरतात. ती उजवीकडून डावीकडे, एकापाठोपाठ एक संदेश सोडते, आणि पहिल्या संदेशाचे सारे परिणाम तळापर्यंत पूर्ण झाल्याखेरीज दुसरा सुटत नाही. मॅक्समध्ये ट्रिगर वापरला नाही तर हा क्रम चौकटींच्या पडद्यावरच्या जागेवरून ठरतो, आणि एखादी चौकट नीटनेटकेपणासाठी बोटभर सरकवली म्हणजे पॅचचे वागणे बदलू शकते. प्युअर डेटात तो तारा कोणत्या क्रमाने जोडल्या गेल्या यावर अवलंबून राहतो, जे चित्रात दिसतच नाही. ट्रिगर न वापरणारा पॅच वाचण्यालायक नसतो, हे मत कठोर वाटले तरी अनुभवाअंती बदलत नाही.

आता हा पॅच चालवून पाहावा. ‘प्रारंभ ०, पातळी २’ असा संदेश येतो. बेरजेच्या तीन चौकटींत डावीकडून ०, १८ आणि ३६ साठवले जातात, पुढच्या पातळीच्या चौकटीत १. ट्रिगर प्रथम उजव्या बेरजेला शून्य पाठवतो, तिथून ३६ बाहेर पडतो आणि पातळी १ घेऊन मागे वळलेल्या तारेने पुन्हा आरंभी येतो. आता त्याच तीन चौकटींत ०, ५, १० लिहिले जातात आणि पातळीच्या चौकटीत ०. त्यातून ४६, ४१ आणि ३६ हे तीन पल्ले योग्य रीतीने वाजवण्याकडे जातात. आतली फेरी संपते आणि ट्रिगर आपल्या अर्धवट राहिलेल्या कामाकडे परततो. तो मधल्या बेरजेला शून्य पाठवतो, पण तिथे १८ उरलेला नाही, ५ आहे. आणि पातळीच्या चौकटीत १ उरलेला नाही, ० आहे. म्हणून पाचव्या मात्रेवर एक एकटा बोल वाजतो, त्याची तिहाई होत नाही. डाव्या बेरजेतून त्याच रीतीने शून्यावर एक बोल. नऊ पल्ल्यांऐवजी पाच ऐकू येतात: ०, ५, ३६, ४१, ४६.

या चुकीचे विशेष असे की प्रणाली एका शब्दानेही तक्रार करत नाही, आणि शेवटची तिहाई बिनचूक समेवर येते. सम बरोबर आली म्हणून ऐकणारा मधल्या रिकामपणाला रचनाकाराची योजना समजू शकतो, आणि पॅच करणारा दोष शोधायला निघाला तर अंतराच्या गणितात शोधतो, जे निर्दोष आहे. दोष आहे तो कोल्ड इनलेटमध्ये साठवलेल्या किमतीवर दोन फेऱ्यांनी सांगितलेल्या हक्काचा. लक्षणीय बाब ही की ट्रिगर स्वतः या गोंधळातून सुटतो: बाहेरच्या फेरीचे ‘शून्य’ त्याने अचूक सांभाळले होते, कारण तो मिळालेली किंमत चौकटीत कायमची लिहून न ठेवता चालू कामापुरतीच हाती धरतो. म्हणजे एकाच पॅचमध्ये काही चौकटी पुनःप्रवेश सोसणाऱ्या असतात आणि काही नसतात, आणि दोन्हींचे चित्र एकसारखेच असते. उपाय याच निरीक्षणातून निघतो. प्रारंभ आणि पातळी ही जोडी फुटू न देता पूर्ण यादी म्हणून ट्रिगरमधून तिन्ही शाखांना द्यावी, आणि प्रत्येक शाखेने आपल्या यादीतून पातळी काढून, अंतर त्याच क्षणी नव्याने ठरवून, कोल्ड इनलेटमध्ये ते लिहिल्यावर लगोलग वापरावे. लिहिणे आणि वापरणे यांच्या मध्ये मागे वळणाऱ्या तारेला शिरायला फट राहता कामा नये. फेरीची स्मृती चौकटीत न ठेवता संदेशातच बांधून पाठवली की कोरा कागद मिळाल्यासारखेच होते. मात्र पॅच तिप्पट पसरतो, आणि ज्या सुटसुटीतपणासाठी रिकर्शन पत्करले तो हातचा जातो.

वेळेचे गणितही येथे वेगळे आहे. संदेशांची ही सगळी धावपळ तार्किक काळाच्या एकाच क्षणात घडते, म्हणजे प्रणालीच्या घड्याळाच्या दृष्टीने नऊही पल्ले एकाच वेळी जन्मतात, आणि म्हणूनच प्रारंभाची मात्रा संदेशासोबत वाहून न्यावी लागते. पुढे ते पल्ले आपापल्या वेळी वाजावेत यासाठी विलंबाची चौकट लागते, पण डिले नावाची चौकट एकच प्रतीक्षा लक्षात ठेवते आणि नवा संदेश आला की जुना विसरते. नऊ प्रतीक्षा एकत्र सांभाळायच्या तर पाइप ही चौकट हवी. डिले वापरला तर नवापैकी सर्वांत शेवटी आलेला एकच पल्ला वाजेल, आणि तो पहिला पल्ला असेल, कारण ट्रिगर उजवीकडून डावीकडे चालतो.

फेऱ्यांच्या खोलीलाही मर्यादा आहे. एका आउटलेटमधून निघालेला संदेश दुसऱ्या चौकटीला जागे करतो, ती तिसरीला, आणि तळापर्यंतचे काम पूर्ण होईपर्यंत वरची प्रत्येक चौकट खोळंबून राहते. प्युअर डेटा अशा एकात एक अडकलेल्या पाठवण्या सुमारे एक हजारांपर्यंत मोजतो आणि पुढे ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ असे सांगून साखळी तोडतो. ही मोजणी फेऱ्यांची नसून चौकटींमधल्या पाठवण्यांची असते, त्यामुळे चार चौकटींचे वर्तुळ अडीचशे फेऱ्यांतच मर्यादेला टेकते. चक्रदाराच्या दोन पातळ्यांना याची झळ लागत नाही; शाखा कितीही फुटल्या तरी खोली दोनच राहते. पण आकडे मोजत जाणारे साधे वर्तुळ याच मर्यादेवर आपटते, आणि त्यासाठी अनटिल नावाची चौकट आहे, जी दर फेरीला परत येऊन पुढची फेरी सुरू करते आणि खोली वाढू देत नाही. तिला थांबण्याची अट दिली नाही तर सारा प्रोग्राम गोठतो. वर्तुळात शून्य मिलिसेकंदांचा डिले घालण्याची युक्तीही जुनी आहे. तो काळ वाढवत नाही, पण पुढचा संदेश घड्याळाच्या हाती सोपवून साखळी मोकळी करतो.

येथवरची चर्चा संदेशांच्या वर्तुळाची, म्हणजे एकाच चौकटीत पुन्हा पुन्हा शिरण्याची होती. चौकटीच्या पोटात खरोखरच तीच चौकट ठेवण्याचा प्रकार याहून वेगळा, आणि तो समजण्यासाठी दोन प्रकारची पोटे वेगळी करावी लागतात. पोटपॅच हा त्या एका पॅचचाच गुंडाळलेला भाग असतो आणि त्याच फाइलमध्ये जतन होतो. ॲब्स्ट्रॅक्शन ही स्वतंत्र फाइल असते, आणि तिचे नाव चौकटीत लिहिले की तिची एक नवी प्रत तिथे उभी राहते, तीही सोबत दिलेल्या किमतींसह. नियम एक आणि यंत्रे अनेक ही फारकत शेवटी ॲब्स्ट्रॅक्शननेच साधते. प्रत्येक प्रतीला स्वतःचा एक अनुक्रमांक मिळतो, जो प्युअर डेटात डॉलर-शून्य या चिन्हाने लिहितात, आणि प्रतीच्या आतल्या नावांना तो जोडला की एका प्रतीची स्मृती दुसरीत मिसळत नाही. पोटपॅचला असा वेगळा क्रमांक नसतो, तो ज्याच्या पोटात आहे त्याचाच वापरतो. आणि ॲब्स्ट्रॅक्शनच्या पोटातल्या ॲब्स्ट्रॅक्शनला बापाचा क्रमांक हवा असेल तर तो चौकटीत किंमत म्हणून मुद्दाम खाली द्यावा लागतो. संदेशाच्या चौकटीत मात्र डॉलर-शून्य लिहिले तर क्रमांक मिळत नाही, कारण तिथे डॉलरचा अर्थ आलेल्या संदेशातला घटक असा होतो. नव्या माणसाचे कित्येक तास खाणारी ही विसंगती आजही तशीच आहे आणि तिचे समर्थन करणे अवघड आहे.

आता ‘तीनदा’ नावाच्या ॲब्स्ट्रॅक्शनमध्ये ‘तीनदा’ हीच चौकट लिहिली तर काय व्हावे? फाइल उघडताना तिच्यातली प्रत्येक चौकट उभी केली जाते, ती चौकट तीच फाइल उघडायला लावते, आणि ही मालिका थांबायला कारण उरत नाही. लेखी भाषेतले रिकर्शन थांबते ते आत लिहिलेल्या अटीमुळे, आणि ती अट फंक्शन चालताना तपासली जाते. पॅचमध्ये अट तपासणारी चौकट आहे, पण ती जागी होते पॅच चालू लागल्यावर, आणि पोट भरले जाते त्याच्या आधी, फाइल उघडताना. उभारणीच्या वेळी ‘पातळी शून्य असेल तर ही चौकट काढू नकोस’ असे सांगण्याची भाषाच चित्राला नाही. म्हणून प्युअर डेटा स्वच्छ नकार देतो: ॲब्स्ट्रॅक्शन स्वतःच्या आत उघडता येणार नाही असा मजकूर येतो आणि ती चौकट तुटक रेषेत मृतवत राहते. हा नकार योग्यच म्हणावा लागेल.

तरीही वाट काढली जाते, आणि ती वाट म्हणजे पॅचकडूनच पॅच काढून घेणे. प्रत्येक पोटपॅचला त्याच्या नावाने संदेश पाठवता येतो, आणि ‘या जागी या नावाची चौकट काढ’, ‘हिचे हे आउटलेट तिच्या त्या इनलेटला जोड’, ‘सगळे पुसून टाक’ असे आदेश त्याला कळतात, कारण फाइलमध्येही पॅच याच आदेशांच्या रूपात जतन केलेला असतो. त्यामुळे ‘तीनदा’ची प्रत उभी राहिल्यावर तिने आपली पातळी तपासावी आणि ती शून्याहून मोठी असेल तरच आपल्या एका रिकाम्या पोटपॅचमध्ये एकाने कमी पातळीची ‘तीनदा’ काढावी, हे शक्य होते. फाइल उघडण्याचे काम तोवर संपलेले असल्याने नकारही येत नाही. पण पॅच उघडला की आपोआप सुटणारा पहिला संदेश, ज्याला लोडबँग म्हणतात, तो अशा मागाहून काढलेल्या प्रतींमध्ये आपोआप सुटत नाही. प्रत्येक पातळीने खालच्या पातळीला तो वेगळा पाठवावा लागतो, नाहीतर दुसऱ्याच पायरीवर उभारणी थबकते. याहून घातक प्रसंग जतन करण्याचा. चालू अवस्थेत एखादी प्रत उघडून, त्यात किरकोळ दुरुस्ती करून ती जतन केली तर पॅचने स्वतः काढलेल्या चौकटीही फाइलमध्ये जातात. म्हणजे ‘तीनदा’च्या फाइलमध्ये आता ‘तीनदा’ कायमची लिहिली गेली. शिवाय ॲब्स्ट्रॅक्शन जतन होताच प्युअर डेटा त्याच्या बाकीच्या सर्व प्रती नव्या मजकुराने पुन्हा उभ्या करतो. ज्या नकाराला वळसा घातला होता तोच आता प्रत्येक प्रतीत समोर येतो, आणि चालू असलेल्या प्रतींमधली स्मृतीही गेलेली असते. असा पॅच करणाऱ्याने काढण्याआधी पुसण्याचा आदेश देण्याची आणि उघड्या प्रतीत कधीही जतन न करण्याची शिस्त पाळावी लागते; प्रणाली ती पाळून घेत नाही.

या खटाटोपाची चक्रदाराला गरज होती का, हा प्रश्न त्यामुळे विचारण्यासारखा ठरतो. ‘तीनदा १८’ ही चौकट काढावी, तिच्याखाली ‘तीनदा ५’ ही त्याच ॲब्स्ट्रॅक्शनची दुसरी प्रत काढावी, आणि पहिलीचे आउटलेट दुसरीला जोडावे, एवढ्याने नऊ पल्ले मिळतात. पोटात पोट वाटणारी रचना एका रांगेत उलगडते, प्रत्येक प्रतीकडे आपली पाटी असते, आणि वाचणाऱ्याला पातळ्या किती ते डोळ्यांनी मोजता येते. ज्या रचनेत आतल्या पातळीचे फळ बाहेरच्या पातळीला परत हवे नसते तिथे ही उलगड नेहमीच शक्य असते, आणि संगीतातल्या लयीच्या पुष्कळ रचना या जातीच्या असतात.

जिथे फळ परत हवे असते तिथे मात्र पोट टाळता येत नाही, आणि याचे अस्सल उदाहरण संदेशांच्या बाजूला नसून सिग्नलच्या बाजूला आहे. मॅन्फ्रेड श्रोडर यांनी बेल प्रयोगशाळेत १९६०च्या सुमारास कृत्रिम प्रतिनादासाठी, म्हणजे सभागृहात रेंगाळणाऱ्या नादाच्या नकलेसाठी, ऑल-पास फिल्टर सुचवला. त्यात आलेला सिग्नल विलंबरेषेत जातो, तिथून बाहेर पडलेला अंश ठरावीक पटीने कमी करून पुन्हा आत सोडला जातो, आणि थेट वाटेने जाणारा अंश विरुद्ध चिन्हाने त्यात मिसळला जातो. परिणामी सर्व कंपने सारख्याच ताकदीने पार होतात, फक्त काळात विखुरली जातात. विल्यम गार्डनर यांनी १९९२ मध्ये एमआयटीत केलेल्या कामात अशा फिल्टरच्या विलंबरेषेपाशी दुसरा ऑल-पास बसवण्याची पद्धत वापरली. आतल्याने विखुरलेला नाद बाहेरच्याच्या फेऱ्यात पुन्हा पुन्हा जात राहिल्याने प्रतिध्वनींची दाटी काळासोबत वाढत जाते, जशी खऱ्या खोलीत वाढते. दोन ऑल-पास एकापुढे एक ठेवून हे साधत नाही, आतला बाहेरच्याच्या फेऱ्यातच असावा लागतो.

सिग्नलच्या तारांचे वर्तुळ प्युअर डेटात मुळात निषिद्ध आहे. ध्वनी सुरू करताना प्रणाली सगळ्या चौकटींची अशी क्रमवारी लावते की कोणतीही चौकट तिला माल देणाऱ्या चौकटींच्या नंतरच चालेल. वर्तुळात अशी क्रमवारी लागू शकत नाही, आणि ‘डीएसपी लूप’ सापडल्याचा इशारा येऊन त्यातल्या चौकटी वगळल्या जातात. फेरा हवा असेल तर तो तारेऐवजी नावाने जोडलेल्या विलंबरेषेतून न्यावा लागतो, आणि प्रणाली एका वेळी ६४ नमुन्यांचा गठ्ठा हाताळत असल्याने फेऱ्यातला विलंब त्याहून कमी होत नाही. ४४,१००च्या गतीला हे दीड मिलिसेकंदाच्या किंचित आत येते. प्रतिनादासाठी हे चालून जाते, तारेच्या झंकाराची नक्कल करणाऱ्या फेऱ्याला मात्र यामुळे सुमारे ६८९ हर्ट्झच्या वर स्वर लावता येत नाही, जोवर त्या पोटपॅचपुरता गठ्ठा लहान करून संगणकावरचा बोजा वाढवला जात नाही. पोटात पोट ठेवताना यात आणखी एक अट येते. आतल्या ऑल-पासमध्ये विलंब नसलेली थेट वाट असते, म्हणून बाहेरच्या फेऱ्यात बाहेरच्याचा स्वतःचा शुद्ध विलंब असलाच पाहिजे. तो वगळून ‘आतल्यात विलंब आहेच’ असे धरले तर थेट वाटेने वर्तुळ पूर्ण होते. आणि दोन्ही प्रतींच्या विलंबरेषांना एकच नाव राहिले, डॉलर-शून्य जोडायचे विसरले, तर आतला फिल्टर बाहेरच्याचा नाद वाचू लागतो आणि जे ऐकू येते ते प्रतिनादासारखेच असल्याने चूक बराच काळ लपून राहते.

गुंडाळण्याच्या सोयीचा एक विलक्षण परिणामही इथेच दिसतो. क्रमवारी लावताना बाहेरचा पॅच प्रत्येक पोटपॅचला एकच चौकट मानतो, तिच्या पोटात डोकावत नाही. एका पोटपॅचमध्ये एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन वाटा असतील आणि पहिलीचा माल बाहेरून फिरवून दुसरीत सोडला, तर खरे वर्तुळ कुठेच नसते, तरी डीएसपी लूपचा इशारा येतो. तोच पॅच गुंडाळी सोडून पसरला की बिनतक्रार वाजतो. गुंडाळणे म्हणजे केवळ आवरासावर, अर्थ तोच राहतो, हा समज येथे टिकत नाही. उलट याच गुणाचा उपयोग करून, दोन पोटपॅचमध्ये एक निरुपयोगी तार टाकून, विलंबरेषेत लिहिणारा भाग वाचणाऱ्याच्या आधी चालेल अशी सक्ती केली जाते.

प्रणालींनी काळानुसार ज्या सोयी दिल्या त्या बहुतेक रुंदीच्या आहेत. प्युअर डेटात २०१६ मध्ये आलेली क्लोन ही चौकट एकाच ॲब्स्ट्रॅक्शनच्या सोळा किंवा सहाशे प्रती शेजारी-शेजारी उभ्या करते, मॅक्समध्ये पॉली हेच काम कितीतरी आधीपासून करते, आणि बहुस्वरी वाद्यासाठी यापरते काही लागत नाही. पण खोलीसाठी, एकीच्या पोटात दुसरी यासाठी, त्यांचा उपयोग नाही. मॅक्समध्ये २०११ साली आलेल्या जेनमध्ये फेरा एका नमुन्याच्या विलंबाने चालतो आणि आतले पोटपॅच शेवटी एकाच सलग कोडमध्ये विरघळतात, त्यामुळे गठ्ठ्याची अट सुटते. तीन पातळ्यांच्या ऑल-पाससाठी तरीही हाताने तीन नावांच्या तीन फाइली ठेवणे हा रूढ मार्ग आहे, आणि तो गावंढळ दिसला तरी पातळ्या आधी ठाऊक असतील तेव्हा तोच पत्करावा. एक दुरुस्ती तीन ठिकाणी करावी लागते एवढीच त्याची किंमत.

पातळ्या आधी ठाऊक नसतील तर काम लेखी भाषेकडे जाते. मॅक्समध्ये जावास्क्रिप्टची किंवा प्युअर डेटात ल्युआची चौकट घालून संदेशांचे रिकर्शन तिच्यात उरकले जाते. सिग्नलसाठी फ्रान्समध्ये लियाँच्या ग्राम या संस्थेत तयार झालेली फाउस्ट ही भाषा आहे, जिच्यात फेऱ्यासाठी स्वतंत्र चिन्ह आहे, त्या चिन्हातच एका नमुन्याचा विलंब अंतर्भूत आहे, आणि ‘शून्य पातळीला सिग्नल जसाच्या तसा, एरवी एकाने कमी पातळीचा ऑल-पास पोटात’ ही व्याख्या दोन ओळींत लिहिता येते. पातळीचा आकडा दिला की कंपायलर तेवढ्या प्रती उलगडतो, म्हणजे थांबण्याची अट उभारणीच्या वेळीच तपासली जाते, जे पॅचला जमत नव्हते. फाउस्ट त्या रचनेचे चित्रही काढून देते, चौकटीत चौकट असलेले, आणि एखाद्या चौकटीवर टिचकी मारली की तिच्या पोटातले चित्र उघडते. त्या चित्रातली तार मात्र उचलून दुसरीकडे जोडता येत नाही.